कंपाउंडमधल्या १६ एलईडी दिव्यांचा लोड कसा काढायचा? एक एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पुरेल का?

तुमची यादी अशी: ५० वॅटचे ४ फ्लडलाइट, १० वॅटचे १२ बोलार्ड (वाटेकडेचे बुटके खांबदिवे), २३० व्होल्टचा पुरवठा, शेवटचा दिवा बोर्डापासून ६० मीटरवर. एक सर्किट पुरतं. मात्र दिवे चालू असतानाचा करंट हा इथे सगळ्यात सोपा भाग आहे.

बेरीज ३२० वॅट. तिला नुसतं २३० ने भागलं तर पॉवर फॅक्टर (वॅट आणि व्होल्ट × अँपिअर यांचं गुणोत्तर) सुटतो. तो ०.९ असेल तर ३२० ÷ (२३० × ०.९), म्हणजे साधारण १.५५ अँपिअर. हलक्या प्रतीच्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) पॉवर फॅक्टर ०.५ सुद्धा निघतो. मग तेच दिवे २.८ अँपिअर ओढतात. ड्रायव्हरवर इनपुट करंट छापलेला असेल तर त्या आकड्यांचीच बेरीज करा, बाकी हिशेब नको. (एलईडीऐवजी सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिवे असते तर चोकसाठी १०-१५ टक्के वर धरावे लागले असते.)

आता व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरमध्येच खर्ची पडणारे व्होल्ट. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम. करंट जाऊन परत येतो म्हणून लांबी दुप्पट: २ × ६० × १.५५ × ०.००७४ = १.४ व्होल्ट. तोही सगळा लोड टोकाला आहे असं धरून. दिव्यांसाठी ३ टक्के, म्हणजे ६.९ व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे निश्चिंत राहा. बोलार्ड १२ व्होल्टचे घेतलेत तर मात्र चित्र पालटतं. १२० वॅटला १० अँपिअर लागतात, आणि त्याच वायरवर सारख्या अंतराने लावले तरी शेवटच्या दिव्याला साधारण ४-५ व्होल्ट कमी मिळतात. तो मिणमिणेल किंवा पेटणारच नाही. तेव्हा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिव्यांजवळ बसवा आणि त्याच्यावर क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त लोड टाकू नका.

एमसीबी पडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. स्विच दाबताक्षणी सगळ्या ड्रायव्हरचे कपॅसिटर एकदम भरतात आणि मिलिसेकंदाच्या आतबाहेर नेहमीच्या कित्येक पट करंट जातो. ६ अँपिअरचा बी-कर्व्ह त्यात पडू शकतो, म्हणून १० अँपिअर सी-कर्व्ह घ्या (बी-कर्व्ह थोड्या झटक्याने पडतो, सी-कर्व्ह जास्त झटका सोसतो). एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील हा आकडा ड्रायव्हरच्या डेटाशीटमध्ये असतो. वॅटपेक्षा त्यावर विश्वास ठेवा. याच झटक्याने टायमर किंवा फोटोसेलचे (अंधार पडताच दिवे लावणाऱ्या सेन्सरचे) पॉइंट चिकटतात आणि दिवे दिवसाही जळत राहतात. तिथे मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच) टाका.

दुसरी अडचण गळतीची. प्रत्येक ड्रायव्हर अर्थिंगमध्ये थोडा करंट सोडतोच. अर्धा मिलिअँपिअर धरला तरी १६ दिव्यांचे ८ होतात, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून पडणारा स्विच) १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. पावसाळ्यात एखाद्या जॉइंटमध्ये ओल शिरली की संपलं. बाहेरच्या सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) द्या, म्हणजे त्यापायी घर अंधारात जाणार नाही. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जॉइंट जमिनीत गाडू नका. जेल भरलेला किंवा आयपी६८ (पाण्याखालीही टिकणारा) बॉक्स वापरा.

दिवे चालू करताच एमसीबी पडला तर कपॅसिटरचा झटका किंवा शॉर्ट. पाऊस आल्यावर आरसीसीबी किंवा आरसीबीओ पडला तर गळती. तासाभराने पडला तर आधी एमसीबीचे स्क्रू ढिले आहेत का ते पाहा, अर्थात मेन बंद करून.