वहीत निकाल नको, नोंद हवी

प्रश्न : मी 42 वर्षांची असून एका पतसंस्थेत रोखपाल आहे. चिडक्या स्वभावाला आवर घालावा म्हणून गेले सहा महिने रोज रात्री वही लिहिते. पण मागची पाने चाळली की सगळीकडे तेच दिसते : ‘आज पुन्हा मुलावर ओरडले. माझ्यात संयमच नाही. उद्यापासून असे करणार नाही.’ मुलगा दहावीत आहे. हल्ली मी घरात आले की तो उठून आतल्या खोलीत जातो. पहाटे पाचला उठणे, ध्यान, रात्री मोबाईल बंद, साखर बंद असे नियमही केले, पण एकही आठवडाभर टिकला नाही. आत्मपरीक्षणाचा मला उपयोग का होत नाही?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : मुलगा उठून आत जातो, हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण तेवढ्या एका ठिकाणी तुम्ही स्वतःला दोष न देता जे घडते ते जसेच्या तसे लिहिले आहे. वहीत नेमके तेच होत नाही. ‘माझ्यात संयमच नाही’ हा निकाल आहे आणि निकाल एकदा लागला की तपास थांबतो. शिवाय स्वतःला कठोर शब्दांत बोलून घेतले की देणे फिटल्यासारखे वाटते आणि मन हलके होऊन झोप लागते.

संध्याकाळी रोकड दोनशे रुपयांनी कमी भरली, तर ‘मी निष्काळजी आहे’ असे तुम्ही रोजकीर्दीत लिहित नाही. तुम्ही नोटा पुन्हा मोजता, व्हाउचर एकेक करून पडताळता आणि चूक कुठे झाली ते सापडेपर्यंत उठत नाही. ही शिस्त तुमच्या हातात आहेच. ती घरी आणायची आहे.

गांधीजी 1888 ते 1891 या काळात लंडनमध्ये शिकत होते. तेव्हा ते बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्राचे दोन पैसे असा बारीकसारीक खर्चही लिहून ठेवत आणि झोपण्यापूर्वी हिशेब जुळवत. आपण उधळे आहोत, असे लिहून ते थांबले नाहीत. गाडीभाड्यावर बराच पैसा जातो हे त्या हिशेबातूनच दिसले, तेव्हा त्यांनी तिथल्या एका कुटुंबात राहणे सोडून स्वतंत्र खोली घेतली, तीही अशा ठिकाणी की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोचता यावे. त्यातून रोज आठ-दहा मैल चालणे होऊ लागले. नोंदीने कारण दाखवले आणि त्यांनी राहण्याची व्यवस्थाच बदलली. निव्वळ निर्धारावर त्यांनी भिस्त ठेवली नाही.

तुम्हीही आजपासून वेळ लिहा, त्याआधीच्या तासाभरात काय घडले ते लिहा, पोटात काही होते का ते लिहा आणि तोंडून गेलेले शब्द जसेच्या तसे लिहा. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. तेथे हात अडखळेल; तरी शब्द सौम्य करू नका. ज्या दिवशी राग आला पण ओरडला नाहीत, त्या दिवसाचीही तितकीच सविस्तर नोंद ठेवा, कारण तुमच्याजवळ जो संयम आहे त्याचा पत्ता तेथेच लागेल. तीन आठवड्यांनी पाने एकत्र वाचा. बहुतेक प्रसंग घरी पोचल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातले निघाले, तर त्या अर्ध्या तासात अभ्यासाचा विषय काढायचा नाही, एवढाच नियम करा. कारण निराळे निघाले तर नियमही निराळा.

बाकीचे नियम तूर्त सोडून द्या. अमेरिकेचे मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांची यादी केली होती, पण विशेष लक्ष ते एका आठवड्यात एकाकडेच देत. त्यातला व्यवस्थितपणा त्यांना अखेरपर्यंत जमला नाही आणि त्यांनी ते लपवलेही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला. जेवणाबरोबर फळ खाणे किंवा पाणी पिणे अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायलाही साधारण 66 दिवस लागले. काहींना बरेच कमी, काहींना कितीतरी अधिक. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. राग त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा, तेव्हा आठवड्यात हार मानू नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. सहा महिन्यांचा तुमचा पश्चात्ताप वहीत आहे. तो मुलापर्यंत पोचलेला नाही. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातले सोने चोरले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून ती आजारी वडिलांच्या हातात दिली आणि शिक्षा मागितली. तुमच्या वहीतले एक पान मुलासाठी लिहा. त्यात ‘पण तूही ऐकत नाहीस’ हे वाक्य येऊ देऊ नका. ते पान त्याला देताना उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तो पुन्हा आतल्या खोलीत गेला तरी जाऊ द्या.