नोरा घर सोडते ते कशामुळे, कशासाठी, की कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाने इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकावर लिहिताना 'नोराचा घर सोडण्यामागचा हेतू' असं लिहिलं. छापून आलं तेव्हा तिथे 'घर सोडण्याचं कारण' झालेलं होतं. त्यांचं विचारणं असं की दोन्हींचा अर्थ एकच असेल तर बदल करायची गरज काय, आणि एक नसेल तर बरोबर शब्द कोणता? जाता जाता त्यांनी 'प्रेरणा' हा तिसरा उमेदवारही उभा केला आहे.

अर्थ एक नाही. दोन्ही वाक्यं मराठी म्हणून निर्दोष आहेत, पण ती नोराबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. संपादकाने शब्द बदलला असं त्याला वाटलं असेल. प्रत्यक्षात त्याने मत बदललं.

कोशातले अर्थ बाजूला ठेवून आपण प्रश्न कसे विचारतो ते पाहा. 'का' हा मोघम शब्द सोडला तर मराठीत तीन नेमके प्रश्न आहेत. 'कशामुळे?' याचं उत्तर मागे असतं, घडून गेलेल्या गोष्टीत, ते कारण. 'कशासाठी?' याचं उत्तर पुढे असतं, जे मिळवायचं किंवा टाळायचं आहे त्यात; तो हेतू. आणि नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल तिऱ्हाईत माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते 'कशावरून वाजलं?' याचं उत्तर म्हणजे निमित्त. बिघडलेल्या संसारात या तिघांची गल्लत सर्रास होते. निमित्त आजचं असतं, कारण दहा वर्षांचं असतं, आणि हेतू पुष्कळदा त्या क्षणी कुणापाशीच नसतो, तो मागाहून तयार होतो. 'तो निमित्तालाच टेकला होता' असं आपण म्हणतो तेव्हा कारण आधीच पिकलेलं होतं हे त्यात गृहीत असतं.

आता 1879 सालच्या या नाटकाकडे या. नोराने नवऱ्याच्या, म्हणजे हेल्मरच्या, आजारपणात, त्याला हवापालटासाठी इटलीला नेता यावं म्हणून, वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेलं आहे. इथे हेतू सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ: नवऱ्याचा जीव वाचवणं. सावकार क्रोग्स्टाड ते प्रकरण पत्राने हेल्मरपुढे उघड करतो. हेल्मर तिच्यावर तुटून पडतो, मुलं तुझ्या हाती देणार नाही म्हणतो. एवढ्यात दुसरं पत्र येतं, त्यात कर्जरोखा परत केलेला असतो, आणि हेल्मर ओरडतो की मी वाचलो. नोरा विचारते, आणि मी? मग ती आत जाऊन नाचाचा पोशाख उतरवते, साधे कपडे घालून बाहेर येते आणि त्याला टेबलाशी समोर बसवते. आठ वर्षांच्या संसारात आपण पहिल्यांदाच गंभीरपणे बोलतो आहोत, असं ती म्हणते.

घर सोडण्याचं निमित्त म्हणजे ती पत्रं. कारण म्हणजे त्या 'मी वाचलो'मधून तिला एका क्षणात दिसलेली आठ वर्षं. हेतूही आहे, आणि तो ती स्वतःच सांगते: स्वतःला घडवायचं, आणि जग बरोबर की मी बरोबर याचा छडा लावायचा. त्यामुळे प्रश्नकर्त्यांचा 'हेतू' चुकीचा नव्हता. 'कारण' लिहिल्याने नोरा दुखावलेली बायको होते, 'हेतू' लिहिल्याने ती काही ठरवून निघालेली बाई होते. परीक्षणात पुढे तिच्या शेवटच्या बोलण्याची चर्चा असेल तर मी हेतूच ठेवला असता.

हा भेद केवळ शब्दांचा कीस नाही याचा पुरावा खुद्द या नाटकाच्या इतिहासात आहे. जर्मनीतल्या प्रयोगासाठी शेवट बदलायची वेळ आली तेव्हा, दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून, 1880 मध्ये इब्सेनने नाखुशीने दुसरा शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दारापाशी नेतो आणि ती तिथेच कोसळते, घर सोडत नाही. पत्रं तीच, 'मी वाचलो' तेच. निमित्त आणि कारण जागच्या जागी असूनही नाटक पार बदलतं, कारण 'कशासाठी' तेवढं काढून घेतलेलं आहे.

मग संपादकाला 'हेतू' का खटकला असावा? माझा अंदाज असा की रोजच्या मराठीत या शब्दाला एक वास चिकटला आहे. 'त्यामागे त्याचा काहीतरी हेतू असणार' हे वाक्य कौतुकाने कुणी बोलत नाही. चांगलं म्हणायचं तर 'शुद्ध हेतू', 'प्रामाणिक हेतू' असं विशेषण लावावं लागतं. बातम्यांत 'खुनामागचा हेतू' असतो, पोलिसांच्या भाषेत 'चोरीच्या उद्देशाने'. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तल्या सिंधूबद्दल 'नवऱ्यापाशी राहण्यामागचा सिंधूचा हेतू' असं लिहून पाहा. कान लगेच तक्रार करतो. मरता मरता नवऱ्याला वाचवणारी जबानी देणाऱ्या या बाईच्या पदरी हा शब्द टाकला की ती एकदम हिशोबी वाटू लागते. त्याच नाटकात तिच्या दारुड्या नवऱ्याला, सुधाकरला, मात्र तिन्ही शब्द नीट बसतात. कोर्टातला अपमान हे निमित्त, दुखावलेला अहंकार हे कारण, विसरणं हा पहिल्या प्याल्यापुरता हेतू. पुढच्या प्याल्यांना हेतू उरत नाही, आणि ते नाटक खरं तिथून भयंकर होतं.

'प्रेरणा' मात्र मी इथे सुचवणार नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो पारिभाषिक शब्द म्हणून रुळला आहे, तिथे तो राहू दे. पण बोलीत प्रेरणा नेहमी वरच्या दिशेची असते. ती थोरामोठ्यांकडून मिळते, तिची 'स्थानं' असतात. 'पत्नीचा गळा दाबण्यामागची ऑथेल्लोची प्रेरणा' असं एखाद्याने लिहिलं तर वाचणारा गंभीर राहणं कठीण.

'हेतू'ची आणखी एक गंमत. संस्कृतात हा शब्द मुख्यतः मागे पाहणारा होता. काव्यशास्त्रात 'काव्यहेतू' आणि 'काव्यप्रयोजन' असे दोन वेगळे विषय आहेत. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे काव्याचे हेतू, म्हणजे काव्य ज्यांच्यामुळे जन्मतं त्या गोष्टी. आणि यश, द्रव्य वगैरे प्रयोजनं, म्हणजे काव्य ज्यांच्यासाठी लिहायचं त्या. मराठीत 'प्रयोजन' पुस्तकी होऊन बसलं आणि त्याची खुर्ची 'हेतू'ने बळकावली. न्यायशास्त्रात तर हेतू म्हणजे अनुमानाचा आधार: डोंगरावर आग आहे, कशावरून? धुरावरून. तिथे धूर हा हेतू. तो फसवा असेल तर 'हेत्वाभास', आणि हा शब्द मराठीने जुन्या अर्थासकट जपला आहे.

इथे 'कशावरून'चा दुसरा अर्थ उघडतो, आणि संशयाने पोखरलेल्या संसारांच्या नाटकांत तोच सगळ्यात महत्त्वाचा. 'कशावरून भांडलात?' यात निमित्त विचारलेलं आहे, 'कशावरून म्हणता?' यात पुरावा. क्रोग्स्टाडने नोराची सही खोटी हे ओळखलं कशावरून? तर सहीखालची तारीख तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची होती. हा सच्चा धूर. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला बायकोबद्दल, डेस्डेमोनाबद्दल, जे कळतं, ते कशावरून? एका रुमालावरून. तो रुमाल तिच्या हातून पडलेला असतो. ऑथेल्लोचा घात करायला टपलेल्या इयागोची बायको एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला देते. नवऱ्याने तो मिळवून दे म्हणून पुन्हापुन्हा गळ घातलेली असते. तो त्याचं काय करणार हे आपल्याला ठाऊक नाही, आपण फक्त त्याची लहर सांभाळतो, असं तीच म्हणते. रुमाल देण्यामागचा तिचा हेतू एवढाच, नवऱ्याची मर्जी राखणं. रुमाल घेण्यामागचा त्याचा हेतू दोन जीव घेणारा. एकच वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि त्या नाटकातला दुसरा बिघडलेला संसार आपल्याला दिसतो. ऑथेल्लोच्या गडबडीत त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

ऑथेल्लोच्या मनात पाल चुकचुकते आणि पुढे शोकांतिका होते. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या मनात ती एकाच वेळी चुकचुकते आणि प्रहसन होतं. परक्या पुरुषाची तसबीर बायकोच्या हातात दिसली, एवढ्यावरून फाल्गुनराव सगळं ताडतो. साधन तेच: हेत्वाभास. त्याच देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला होता हे लक्षात घेतलं की एकाच दुखण्याची दोन्ही टोकं या गृहस्थाने हाताळली याचं मला नेहमी नवल वाटतं.

इयागोचं काय? तो आपल्या वागण्याचा खुलासा एकदा देऊन थांबत नाही. बढती मला न मिळता कॅसिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळाली, ऑथेल्लोने माझ्या बायकोला नादी लावल्याचा बोभाटा आहे, कॅसिओबद्दलही तोच संशय. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने यावर प्रसिद्ध शेरा मारला की हेतुशून्य दुष्टावा हेतू शोधत फिरतो आहे. मराठीत याला हेतू म्हणायची गरजच नाही. या 'सबबी' आहेत. 'सबब' अरबी-फारसीतून आलं तेव्हा त्याचा अर्थ निव्वळ कारण असा होता, आणि सरकारी कागदांत 'सबब, आदेश देण्यात येत आहे की' मध्ये तो अजून तसाच आहे. बोलीत मात्र सबब म्हणजे पुढे केलेलं कारण. पात्र स्वतःबद्दल जे सांगतं ते आधी सबब मानावं, ते खरं ठरलं तर त्याला कारणाचा दर्जा द्यावा, असं मी तरी करतो. इयागो शेवटी ती सोयही ठेवत नाही. पकडला गेल्यावर यापुढे एक शब्दही बोलणार नाही म्हणतो.

कवितेत ही तपासणी अवघड होते, कारण तिथे उलटतपासणी घेणारं दुसरं पात्र बहुधा नसतं. ब्राउनिंगच्या 1842 सालच्या 'माय लास्ट डचेस'मध्ये फेराराचा ड्यूक एकटाच बोलतो, आपल्या मेलेल्या बायकोबद्दल. ती कुणाकडेही पाहून हसायची, माझ्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाची किंमत तिला कुणाच्याही भेटवस्तूइतकीच. मी हुकूम दिले आणि हसणं थांबलं. कारण तो सढळ हाताने सांगतो. पण ऐकणारा कोण आहे? नव्या सोयरिकीची बोलणी करायला आलेला दूत. म्हणून इथे 'कशासाठी' दोनदा विचारावं लागतं: मारलं कशासाठी, आणि हे आत्ता याला सांगतो आहे कशासाठी? पुढच्या बायकोने बोध घ्यावा म्हणून की निव्वळ मिजास म्हणून, यावर वाचकांचं एकमत होत नाही. मला पहिलं पटतं, कारण लगेच पुढच्या ओळींत तो हुंड्यावर येतो. मिजाशीत वाहवलेला माणूस इतक्या सफाईने व्यवहारावर येत नाही.

आणि जिथे कुणाचाच हेतू नसतो? जॉर्ज मेरेडिथची 'मॉडर्न लव्ह' ही 1862 मधली पन्नास कवितांची माला एका संसाराच्या विझण्यावर आहे. त्यात निवेदक कधी 'तो' म्हणतो, कधी 'मी'. पाहुण्यांसमोर दोघं हसत यजमानपण निभावतात आणि त्यांच्यातलं मेलेलं नातं कुणाला दिसत नाही. जगण्यातल्या शोकांतिकेला खलनायक लागत नाही, असं त्यात एके ठिकाणी स्पष्टच म्हटलं आहे. यासाठी मराठी व्याकरण आधीपासून तयार आहे. 'त्यांचं पटत नाही', 'जमलं नाही', 'बिनसलं': या क्रियापदांना कर्ता शोधून सापडत नाही. काय बिनसलं? कुणी बिनसवलं? उत्तर नाही, आणि भाषा ते मागतही नाही. अशा कवितांवर लिहिताना 'पत्नीचा हेतू', 'पतीचा हेतू' अशी रकान्यांची मांडणी केली की कवितेने कष्टाने टाळलेला आरोप आपण परत आणून ठेवतो. जुन्या नाट्यशास्त्राची नायिकांची नावंही याच वळणाची आहेत: खंडिता (प्रियकराने फसवलेली), कलहांतरिता (भांडून दुरावलेली). ती अवस्था सांगतात, मनसुबा सांगत नाहीत.

तर तुमच्या परीक्षणापुरतं: 'नोराचा घर सोडण्यामागचा हेतू' ठेवा, पण ती स्वतः काय म्हणते ते त्याच परिच्छेदात येऊ द्या, म्हणजे 'कशावरून?' विचारणाऱ्याला उत्तर मिळेल. तेंडुलकरांच्या 'कमला'तल्या सरिताशी तुम्ही केलेली तुलना आवडली. तिथे सरिताच्या पत्रकार नवऱ्याने विकत आणलेली कमला सरितालाच विचारते की तुम्हाला कितीला घेतलं, आणि तिचे डोळे उघडतात. तिथेही कारण आणि हेतू दोन्ही आहेत, पण नवऱ्याची नोकरी गेल्यामुळे ती तूर्त थांबते. म्हणून तिच्याबाबत 'हेतू बदलला' हे तुमचं वाक्य दुरुस्त करा. हेतू लांबणीवर पडला.

आणि एक किरकोळ. सुटा शब्द 'हेतू' दीर्घ, पण समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व राहतो: हेतुपुरस्सर, हेतुगर्भ. तुमच्या मजकुरात 'हेतूपुरस्सर' दोनदा आलं आहे, आणि ते मात्र संपादकाच्या नजरेतून सुटलेलं दिसतं.