नोकरीतला भेदभाव : वाचकांचे प्रश्न

नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाबद्दलची पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. आधी एक खुलासा. सगळ्या भेदभावांना पुरेल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. भेदभाव कशावरून झाला यावर कायदा ठरतो आणि कायद्यावर कचेरी व मुदत. चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालता घालता बरोबर कचेरीची मुदत उलटून जाते, हे फार वेळा घडतं.

खासगी कंपनीत वर्षाच्या करारावर आहे. बाळंतपणाची तारीख आणि करार संपायची तारीख एकाच महिन्यात येते. 'रजेचा प्रश्नच येत नाही, त्यापेक्षा आत्ताच राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ,' असं एचआरनं तोंडी सांगितलं. काय करू? — एक वाचक, पुणे

राजीनामा देऊ नका. कायद्याचं संरक्षण कामावरून काढण्याविरुद्ध आहे. तुम्ही 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून सही केलीत की काढलं कोणी हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. एचआर सगळं तोंडी बोलतं ते त्याचसाठी. त्यांचं बोलणं त्याच दिवशी ई-मेलवर उतरवून त्यांनाच पाठवा: 'आज आपण मला असं सुचवलंत, मी राजीनामा देऊ इच्छित नाही.' प्रत स्वतःच्या खासगी ई-मेलवर ठेवा. कंपनीचा मेल एका दुपारीत बंद होतो.

आता हक्काचं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची. कायम की कंत्राटी, हा भेद कायदा करत नाही. करार मध्येच संपतो म्हणून लाभही तिथेच संपतो का, हा प्रश्न दिल्लीतल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तिला कराराचे उरलेले अवघे ११ दिवस देण्यात आले होते. २०२३ च्या कविता यादव निकालात न्यायालयानं सांगितलं की अटी पूर्ण होत असतील तर कराराची मुदत ओलांडूनही पूर्ण लाभ द्यावा लागतो. करार पुढे वाढवलाच पाहिजे, असं मात्र यातून निघत नाही. पैसे तुमचे, नूतनीकरणाची खात्री नाही.

कंपनीला लेखी नोटीस द्या. तीत तीन गोष्टी हव्यात: रजा कधीपासून, रक्कम कोणाच्या हाती द्यायची (तुम्ही किंवा तुम्ही नेमाल ती व्यक्ती), आणि रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही हे वाक्य. सोबत डॉक्टरांचा दाखला. नोटीस आधी राहून गेली तरी बाळंतपणानंतर देता येते. रक्कम शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या पगारावर निघते. बाळंतपणाआधीच्या काळाची आगाऊ मिळते आणि उरलेली जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल तर लाभ कंपनी नव्हे, त्या विम्याचं महामंडळ देतं आणि वर्गणीचे दिवस वेगळ्या पद्धतीनं मोजले जातात. म्हणून आधी सॅलरी स्लिप नीट वाचा.

लाभ नाकारला किंवा रजेत असताना कामावरून कमी केलं तर तसा आदेश कळल्यापासून ६० दिवसांत कामगार खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं. अर्जात १९६१ चा प्रसूती लाभ कायदा लिहायची जुनी सवय अनेकांना आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तेव्हा संहितेचं नाव लिहा. आठवडे आणि ८० दिवसांची अट तीच राहिली.

नगरपालिकेच्या परिवहन सेवेत चालक आहे. अपघातात पाय गेला. 'अपात्र' शेरा आला आणि स्वेच्छानिवृत्तीचा छापील अर्ज पुढे केला. — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

त्या अर्जावर सही करायची नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) तुमच्यासाठीच आहे. शासकीय आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही नेता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. असं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचं जादा, पद निर्माण करून योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत ठेवायचं. 'आमच्याकडे जागा नाही' हे उत्तर त्यामुळे टिकत नाही. शासकीय आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. स्थानिक स्वराज्य संस्था, सरकारी कंपन्या आणि कायद्यानं स्थापन झालेली महामंडळंही तीत येतात.

नोकरीतल्या आरक्षणासाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्यालयं तीच अट इथेही पुढे करतात, पण या कलमात ती नाही. प्रमाणपत्र मात्र काढून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ते मागतात.

अर्जाची भाषा महत्त्वाची. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहिलंत की हक्काची मागणी दयेच्या अर्जात जमा होते. 'कलम २०(४) नुसार समान वेतनश्रेणीतील पर्यायी पद द्यावे, ते उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पद द्यावे' एवढंच लिहा. अर्ज आवक विभागात देऊन दुय्यम प्रतीवर शिक्का घ्या. पद मिळेपर्यंतचे दिवस बिनपगारी रजेत टाकले जात असतील तर त्यालाही लेखी हरकत घ्या. नंतर थकबाकी मागताना हेच पत्र उपयोगी पडतं.

दाद मागायची ती आधी आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्यानं दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. मग जिल्हास्तरीय समिती. शिवाय पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. आयुक्तांच्या शिफारशीवर काय केलं हे आस्थापनेला तीन महिन्यांत कळवावं लागतं. तरी ती शिफारसच. आस्थापना हटून बसली तर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच खरा उपाय, आणि तिथे या कलमाला चांगलं वजन आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती. पाय गमावलेल्या जवानाच्या कुणाल सिंह प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपात्रतेची पेन्शन दिली म्हणून नोकरीचं संरक्षण सुटत नाही.

खासगी कंपनीत कलम २०(४) चालत नाही. तिथे 'वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव' ही व्याख्या धरून लढावं लागतं, आणि ती लढाई बरीच अवघड आहे.

कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत भावाला एचआयव्ही असल्याचं निघालं. दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवलं. — एक वाचक, नवी मुंबई

पहिला प्रश्न विचारायचा तो तपासणीचाच. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि नोकरीची अट म्हणून तर मुळीच नाही. काढायचं असेल तर कामातून संसर्गाचा लक्षणीय धोका आहे किंवा तो ते काम करण्यास अपात्र आहे, असा स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. शिवाय सामावून घेताना कोणती प्रशासकीय किंवा आर्थिक अडचण येते, हे मालकानं लेखी द्यायचं असतं. हे दोन्ही कागद लेखी मागा. गेटवर अडवणाऱ्या कंपनीकडे ते बहुधा नसतातच.

मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्येच एका हंगामी कामगाराच्या बाजूनं निकाल दिला होता. काम करण्यास सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येत नाही, हे त्यात ठरलं. तो कामगार न्यायालयात खऱ्या नावानं नव्हे, 'एमएक्स' या सांकेतिक नावानं उभा होता. आजच्या कायद्यातही नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते आणि ती पहिल्याच अर्जात करावी. एकदा कागदावर आलेलं नाव पुसता येत नाही. १०० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याच्याकडे लेखी तक्रार द्या. या कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालाकडेही भेदभावाची तक्रार करता येते, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नका. वकिलाचा सल्ला लगेच घ्या. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

साहेबांना नकार दिल्यापासून मूल्यांकन घसरलं. दुकानात आम्ही सहाच जण. तक्रार कुठे? — एक वाचक, नाशिक

लैंगिक छळाची तक्रार, कामाच्या जागी १० पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. नकारानंतर नोकरीत त्रास देणं हेही २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळात मोडतं, म्हणून मूल्यांकनाची तारीखही घटनांच्या यादीत लिहा. तक्रारीच्या सहा प्रती लागतात. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते आणि ती नेहमीच्या रजेतून वजा होत नाही. 'पैसे घ्या आणि मिटवा' असा समेट या कायद्यात बसत नाही.

खासगी बँकेत जातीवरून बढती डावलतात, टोमणे मारतात. अ‍ॅट्रॉसिटी लागेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बढतीसाठी बहुधा नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. वेतन संहितेतली समान वेतनाची तरतूद लिंगावर आधारलेल्या भेदभावापुरती आहे. खासगी कंपनीत जातीवरून बढती रोखली तर थेट उपाय देणारा कायदा नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती झाकून सल्ला देण्यात अर्थ नाही. कंपनीची आचारसंहिता आणि तक्रार धोरण मागून घ्या. त्यात जातीचा उल्लेख असेल तर त्याच आधारावर लेखी तक्रार करा.

टोमण्यांचं वेगळं. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि जातीवरून अपमान 'सार्वजनिक दृष्टिक्षेपात', म्हणजे इतर लोकांना दिसेल-ऐकू येईल असा, झाला असेल तर तो गुन्हा आहे. बरीच प्रकरणं इथेच पडतात. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या कार्यालयातल्या एका प्रकरणात सहकारी शिवीगाळ झाल्यानंतर आत आले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खटला रद्द केला. तेव्हा फिर्यादीत जागा, वेळ, नेमके शब्द आणि ते उच्चारले गेले त्या क्षणी कोण हजर होतं, हे लिहा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८अ मध्ये स्पष्ट आहे. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. तो हवालदाराच्या हाती असल्याचं दिसलं तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लगेच लेखी कळवा.