ईमेल दिला होता बुकिंगसाठी, ऑफरसाठी नव्हे

प्रश्न : आमचं मोरजीला छोटं होमस्टे आहे. आतापर्यंतच्या सीझनचे मिळून सातशेच्या आसपास पाहुण्यांचे ईमेल रजिस्टरात पडून आहेत, त्यातले अर्धे परदेशी. चवथ झाली की सगळ्यांना एका दमात ऑफर पाठवायची असं माझ्या मनात आहे. मुलगा म्हणतो बाबा हे स्पॅम होईल. अरे पण आपलीच गिऱ्हाइकं ना, येऊन राहिली, हुमण-शीत खाऊन गेली, यात स्पॅम कसलं? – एक वाचक, मोरजी

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, पण पूर्ण नाही.

आधी हे आठवा की पाहुण्याने तो ईमेल तुम्हाला दिला कशासाठी. बुकिंग पक्कं करायला, नाहीतर आल्यावर रजिस्टर भरताना. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती तर तुम्हाला सरकारला २४ तासांत ऑनलाइन कळवावीच लागते, त्यासाठी त्याने जे काय सांगितलं ते कायद्याने मागितलं म्हणून सांगितलं. त्याला तुमची ओळख आहे, जेवण आवडलं होतं, सगळं खरं, पण 'मला तुमच्या ऑफर पाठवत जा' असं तो कधी म्हणाला? परवानगी म्हणजे एवढंच, की काय येणार आणि साधारण कितीदा येणार हे कळल्यावर माणूस स्वतःहून हो म्हणाला. फॉर्मवर आधीच टिक करून ठेवलेला चौकोन युरोपात संमती म्हणून धरतच नाहीत.

आता मुलाचं कुठे चुकतं. कायदे सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेचा २००३ चा कायदा आधी परवानगी घ्या असं म्हणतच नाही, विषयाच्या ओळीत फसवू नका, खरा टपाली पत्ता द्या आणि कोणी 'नको' म्हटलं की कामाच्या १० दिवसांत त्याला यादीतून काढा, एवढं मागतो. ब्रिटनमधे जुन्या गिऱ्हाइकाला त्याच प्रकारच्या सेवेची जाहिरात पाठवता येते, पण अट अशी की ईमेल घेतानाच 'नको' म्हणायची सोय दिलेली पाहिजे आणि पुढच्या प्रत्येक मेलमधे पण. तुमच्या रजिस्टरात तसा रकाना होता काय? नसणारच, कोणाच्याच नसतो.

पण खरं सांगू का, तुम्हाला कायद्यापेक्षा जीमेलची भीती जास्त हवी. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांच्या वर जातच नाही, खातं अडकतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून दिवसाला ५००० च्या वर मेल टाकणाऱ्यांना गूगलने बजावलंय की स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा. तुम्ही एवढे मोठे नाही, पण हिशोब करून बघा, सातशेत ०.३ टक्के म्हणजे दोन माणसं! कुठल्या तरी मँचेस्टरच्या बाईला तुम्ही कोण ते आठवलं नाही, तिने स्पॅमचं बटण दाबलं, आणखी चारपाच जणांनी दाबलं, की पुढे तुमचं साधं बुकिंग कन्फर्मेशन पण लोकांच्या स्पॅम फोल्डरात जायला लागायचं आणि पाहुणा तिकडे म्हणतोय यांनी उत्तरच दिलं नाही. ऐन डिसेंबरात हे परवडेल?

तर जुनी यादी तशीच राहू दे. मागच्या सीझनला आलेले, ज्यांच्याशी बोलणंचालणं आहे, त्यांना एकेकट्याला नावानिशी साधा मेल लिहा, वर्षातून एकदा सीझनचे रेट पाठवू का म्हणून विचारा, आणि उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजा. ज्यांनी आधीच नको सांगितलंय त्यांना हे विचारायला पण जायचं नाही. फ्लायबी नावाच्या विमान कंपनीला ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१७ मधे ७०,००० पौंड दंड लावला तो यासाठीच, नको म्हटलेल्या लोकांना तिने 'तुमची माहिती बरोबर आहे ना' असे मेल टाकले होते.

यंदापासून चेक-आउटच्या वेळी वेगळं विचारा, आणि जो हो म्हणेल त्याला लगेच एक मेल जाऊ दे ज्यातली लिंक दाबल्यावरच त्याचं नाव यादीत चढेल. रजिस्टरातलं अक्षर कसं असतं ते तुम्हीच बघता, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मेल भलत्याच माणसाला. आणि बुकिंग साइटवरून आलेला पत्ता बऱ्याचदा पाहुण्याचा नसतोच, साइटने मधे ठेवलेला असतो, तो यादीत घेऊन काय उपयोग.

प्रश्न : म्हापशात आमचं काजूचं दुकान आहे. एक जण ५०,००० 'व्हेरिफाइड' ईमेल अगदी स्वस्तात देतो म्हणतोय. घेऊ? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. व्हेरिफाइड म्हणजे तो पत्ता चालू आहे एवढंच, त्या माणसाला तुमचे काजू हवेत असं नव्हे. कोणी दुसऱ्या कोणाला हो म्हटलं असलं तरी ते तुम्हाला विकत मिळत नाही. वर अशा याद्यांत मुद्दाम पेरलेले पत्ते असतात, कुठल्याच खऱ्या माणसाचे नसलेले, त्यांच्यावर मेल गेला की पाठवणारा पकडला जातो. हा धंदा काय आजचा नाही. १९७८ मधे डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या कॉम्प्युटर जाळ्याच्या, डिरेक्टरीतून पत्ते उचलून जवळजवळ चारशे लोकांना जाहिरात धाडली होती, तेव्हाही लोक असेच भडकले होते.

प्रश्न : डीएनडीला नंबर घातलाय तरी जाहिरातीचे ईमेल थांबत नाहीत. असं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : डीएनडी म्हणजे 'त्रास देऊ नका' ही नोंद, ती ट्राय या टेलिफोन-मोबाइलच्या सरकारी नियामकाची आहे, ती कॉल आणि एसएमएससाठी, ईमेल त्यात येतच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी घेतलेली हवी असं आहे आणि ती मागे पण घेता येते, पण त्याचे नियम निघाले २०२५ च्या नोव्हेंबरात आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोवर ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर खालचं अनसबस्क्राइब दाबा. ज्याचं नावच कधी ऐकलं नाही त्याच्या मेलमधल्या कुठल्याच लिंकला हात लावू नका, सरळ स्पॅमचं बटण.