समरी केसमधला जबाबाचा रकाना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बोर्डावर समरी केसेसचा, म्हणजे थोडक्यात चालवायच्या छोट्या गुन्ह्यांच्या खटल्यांचा, ढीग लागला, पण त्या भराभर निघतात म्हणून बरं वाटलं, असं परवा फोनवर म्हणालीस. ते ऐकल्यापासून हे पत्र मनात घोळत होतं.

समरी खटल्यात साक्ष शब्दन् शब्द लिहावी लागत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 286 प्रमाणे ठरावीक तपशील भरायचे. चोरीच्या केसमध्ये मालाची किंमत आठवणीनं लिही. पूर्वी 2,000 रुपयांची मर्यादा होती, 1 जुलै 2024 पासून ती 20,000 झाली. तो आकडाच नसेल, तर केस समरी चालवायचा तुला अधिकार होता की नाही, हे कागदावरून कळणार कसं? तारखा, नावगाव वगैरे बेंच क्लार्क नीट भरतात. आरोपीच्या जबाबाचा रकाना मात्र तुझा.

माझ्या दुसऱ्या नेमणुकीतली गोष्ट. जुगाराची केस, पाच आरोपी. छापील फॉर्मवर ‘गुन्हा कबूल आहे’ हे आधीच टाइप करून ठेवलेलं. चौघांनी माना डोलावल्या. पाचवा म्हातारा, टोपी हातात धरून म्हणाला, “व्हय साहेब, हुतो की तिथं. च्या द्यायला गेलतो.” माझं पेन सहीच्या जागेवर टेकलेलं होतं. सही झाली असती तर त्याला अपिलात फार तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढंच मांडता आलं असतं. गुन्हा केलाच नाही, हे सांगायची वाट बंद. मी तो फॉर्म बाजूला ठेवला, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहून घेतले आणि त्याच्यापुरती केस पुराव्याला ठेवली. मग पंचनामा नीट वाचला. पत्ते आणि रोख रकमेखाली लिहिलं होतं: एक किटली, सहा ग्लास. त्याआधी असे किती फॉर्म मी न वाचता सही केले असतील, हे आजही मला टोचतं.

कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहावी, असं कायदाच सांगतो. आरोप त्याला कळेल अशा भाषेत सांग, आणि तो काय म्हणतो ते पूर्ण ऐक. ‘हो’ नंतरचं वाक्य बहुतेक वेळा महत्त्वाचं असतं.

गुन्हा नाकबूल असेल तर कलम 287 प्रमाणे साक्षीचा सारांश आणि थोडक्यात कारणं लिहायची. सारांश करताना उलटतपासणीतली उत्तरं गाळू नकोस. बचाव तिथेच असतो.

आणखी एक. समरी खटल्यात आधीच्या मॅजिस्ट्रेटनं नोंदवलेल्या पुराव्यावर नंतर आलेल्याला निकाल देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये हे स्पष्ट केलंय. तुझी बदली झाली की साक्षीदारांना पुन्हा हेलपाटे. समन्स केसच्या नेहमीच्या पद्धतीत मात्र आधीची साक्ष पुढच्याला वापरता येते. म्हणून चेक न वटल्याच्या केसेस समन्स केसप्रमाणे चालवायचं ठरवलंस, तर कारणांसह तसा आदेश कर आणि रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारीखवार नोंदीतही, घे. म्हणजे पुढे येणाऱ्याला फाइल चाळून अंदाज बांधावा लागणार नाही.

तुझ्या कोर्टातले छापील फॉर्म उद्याच मागवून बघ. ‘कबूल’ आधीच टाइप केलेलं असेल तर तेवढी जागा कोरी ठेवायला सांग. आईला नमस्कार.