वासोट्याला पहिल्यांदा जाताय? एवढं पाळा

कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर जायचंय, पण बिबट्याची भीती वाटतेय? जरूर जा! बिबट्याची धास्ती घेऊ नका, माणसाची चाहूल लागली की तो बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. कोयनेच्या रानात जास्त जपायचं ते अस्वलाला. त्याची नजर अधू, त्यात खाण्यात गुंगलेलं; आपण अचानक समोर आलो की बिथरून अंगावर येतं. म्हणून दाट झाडीत, वळणावर मोठ्याने बोलत चला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- घोळका सोडून एकट्याने पुढे जाणं.
- पिल्लाजवळ फोटोला जाणं. आई जवळच असते.
- जनावर दिसताच पळणं. बिबट्या समोर आलाच तर ताठ उभे राहा, हात वर करा, ओरडा, त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरका. खाली वाकू नका.

वनखात्याची परवानगी घ्या आणि जलाशयापलीकडच्या बामणोली गावाला नेणाऱ्या बोटीपाशी उजेड असतानाच परत या.