इनबोर्ड बोटीच्या शाफ्टचा आवाज: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: हतनूरच्या बॅकवॉटरसाठी जुनी इनबोर्ड स्पीडबोट घेतली आहे. ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, मागे वेल्व्हेट ड्राइव्ह गिअरबॉक्स (पाटीवर रेशो १.००), तिथून सरळ एक इंची शाफ्ट आणि तीन पात्यांचा पंखा. न्यूट्रलला स्लो सोडली की खडखड वाजते, रेस दिली की थांबते. गिअर टाकून २,००० आरपीएमच्या पुढे गेलं की गुरगुर सुरू होते आणि पायाखालची फळी थरथरते. भुसावळचा मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. खोलू का?

उत्तर:

भाऊ, एवढ्यात नका खोलू. तुम्ही दोन आवाज सांगितलेत आणि माझ्या मते ते दोन वेगळे दोष आहेत. गिअरबॉक्स त्या दोन्हींच्या यादीत बराच खाली येतो.

कारण तुमच्या पाटीवरच आहे. १.०० रेशोच्या वेल्व्हेट ड्राइव्हमध्ये फॉरवर्डचा क्लच बसला की आतलं सगळं एकसंध होऊन इंजिनाबरोबर फिरतं, दात्यावर दाता फिरतच नाही. दात्यांना काम लागतं ते रिव्हर्सला, म्हणून रिव्हर्सला थोडी कूंकूं येणं स्वाभाविक आहे. फॉरवर्डला २,००० च्या पुढे जी गुरगुर येते ती दात्यांची नव्हे. फार तर गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगची असेल, पण त्याआधी कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्या), शाफ्ट, स्ट्रट (तळाखाली शाफ्टला धरून ठेवणारा पाय) आणि पंखा हे चार संशयित उभे आहेत आणि ते तपासायला गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

तरी गिअर ऑइल आधी बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. बोट गरम होईपर्यंत चालवा, इंजिन बंद करा आणि लगेच डिपस्टिक बघा. उशीर केला तर कूलरमधलं ऑइल खाली उतरतं आणि लेव्हल खोटी दिसते. ऑइल लाल आणि पारदर्शक असेल तर ठीक. गुलाबी दुधासारखं झालं असेल तर कूलर फुटून पाणी आत गेलं आहे. जळका वास आणि काळी भुकटी म्हणजे क्लच प्लेट. लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि न्यूट्रललाही रेसबरोबर चढणारी शिट्टी वाजते. ह्यातलं काही नसेल तर खोक्याला हात लावू नका.

आता स्लोवरची खडखड. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये स्प्रिंगांची डॅम्पर प्लेट असते. इंजिन स्लोवर एकसारखं फिरत नाही, धक्क्या-धक्क्यानं फिरतं, आणि ते धक्के ही प्लेट गिळते. स्प्रिंग तुटली किंवा मधल्या हबची खाचणी झिजली की न्यूट्रलला गिअरबॉक्समधले मोकळे दाते एकमेकांवर आपटतात. रेस वाढली की धक्के जवळजवळ येतात आणि आवाज मिटतो. तुमचं वर्णन नेमकं तेच आहे.

पण प्लेट मागवण्याआधी इंजिन नीट चालतंय ना ते बघा. आठातला एक सिलिंडर जरी चुकत असेल तरी चांगली प्लेटही खडखडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत ठेवून बोट दोन महिने उभी राहिली असेल तर कार्ब्युरेटरचे स्लो जेट तुंबलेले असण्याची शक्यता भरपूर. एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीनं काढून बघा. ज्या वायरीनं इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. ते निस्तरून मग स्लो ६०० वरून ७५० ते ८०० पर्यंत आणा. एवढ्यानं खडखड गेली तर हा सीझन निवांत काढता येईल. ८०० लाही राहिली तर प्लेट बदला.

ती बदलताना दोन गोष्टी सांभाळा. गिअरबॉक्स चाळीस किलोच्या वर आहे. तो मागे ओढताना किंवा परत बसवताना इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, नव्या प्लेटचा हब तिथेच वाकतो. दोन बोल्टांच्या जागी लांब स्टड लावा आणि त्यांच्यावरून सरकवा. दुसरं, कोणी ट्रॅक्टरची किंवा ट्रकची क्लच प्लेट घासून बसवून देतो म्हणालं तर नमस्कार करा. ती फ्लायव्हीलला बोल्टनं बसवायची वस्तू नव्हे आणि बोटीचा सततचा भार तिला झेपत नाही.

गुरगुरीचं काम जास्त रंगतदार आहे. पाण्यात असतानाच आधी दोन चाचण्या करा. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा) पाच मिनिटं चालवा, पेट्रोलची वाफ तळाशी बसते. इंजिनाचं झाकण उघडं ठेवून कोणी वाकणार असेल तर गळ्यातला रुमाल काढून ठेवायला सांगा, फिरता शाफ्ट विचारत नाही.

पहिली चाचणी: न्यूट्रलला २,४०० वर अर्धा मिनिट धरा. गुरगुर आली तर दोष इंजिनाच्या बाजूला, म्हणजे माउंट (इंजिनाचे पाय), आल्टरनेटर, पाण्याचा पंप. नाही आली तर पुढे चला. दुसरी: गिअरमध्ये २,४०० ला पळवा आणि ॲक्सिलेटर सोडून न्यूट्रल करा. बोट घसरत असताना पाणी पंख्याला काही सेकंद फिरवत राहतं. त्या काही सेकंदांतही घरघर राहिली तर स्ट्रटचं बेअरिंग, वाकडा शाफ्ट किंवा पंखा. भार जाताच एकदम शांत झालं तर कपलिंग आणि अलाइनमेंटकडे (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का) संशय वळतो. वेगानं वळण घेताना आवाज बदलत असेल तर स्ट्रट नक्की बघा.

मोबाइलवर कंपनाची फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲप असेल तर त्याचाही उपयोग होतो. २,४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, आणि १.०० रेशो असल्यामुळे शाफ्टचेही ४०. आलेखातला मोठा खांब ४० हर्ट्झला दिसला तर फेऱ्याला एकदा बसणारा धक्का आहे: शाफ्ट वाकडा, एखादं पातं वाकलेलं, पंखा असमतोल किंवा कपलिंग तिरकं. १२० ला दिसला तर तीन पात्यांचे ठोके, म्हणजे पाती तळाच्या फार जवळून जातात किंवा पंख्यापुढे पाण्याच्या वाटेत काहीतरी अडकलंय. १६० चा खांब इंजिनाच्या स्फोटांचा असतो, व्ही-८ मध्ये फेऱ्याला चार. तुमचा पंखा चार पात्यांचा असता तर त्याचे ठोकेही १६० लाच आले असते आणि ॲपनं काहीच सांगितलं नसतं.

आता ट्रेलरवर घ्या. बॅटरीची वायर काढा आणि मग पंख्याला हात लावा. एक सूचना ठळक करून लिहितो: पाण्याबाहेर गिअर टाकून शाफ्ट फिरवू नका. स्ट्रटमधलं बेअरिंग रबराचं असतं, त्याच्या खाचांतून वाहणारं पाणीच त्याचं वंगण. कोरडं फिरवलं तर रबर काही क्षणांत जळतं. हातानं फिरवायचं असेल तरी आधी साबणाचं पाणी सोडा.

पंख्याचा हब आणि स्ट्रट यांच्या मध्ये टॉर्च मारा. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन तिथे गुंडाळून वितळून काळा लगदा झालेला असतो आणि लांबून रबरासारखाच दिसतो. मग शाफ्ट धरून वर-खाली हलवा. एक इंची शाफ्टला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त प्ले असेल तर बेअरिंग संपलं. झीज सगळीकडून सारखी असेल तर तो तापी-पूर्णेच्या गाळाचा प्रताप. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडे असताना चांगदेवच्या संगमाकडे बोट नेणाऱ्याचं बेअरिंग घोटल्यासारखं झिजतं. पण पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली, अशी तिरकी झीज असेल तर दोष अलाइनमेंटचा. तेव्हा नुसतं बेअरिंग बदललं तर नवंही तसंच जाईल. हे बेअरिंग जळगावच्या दुकानांत सहसा मिळत नाही, मुंबईहून मागवा, आणि मागवताना शाफ्टचा व्यास, शेलचा बाहेरचा व्यास आणि लांबी हे तिन्ही आकडे द्या. स्ट्रटला लाकडी हातोडीनं टिचकी मारून बघा. खणखणीत वाजला पाहिजे. भद्द वाजला तर बोल्ट ढिले आहेत किंवा तडा आहे.

पंख्यासाठी एक काडी पुरते. ती स्ट्रटला बांधून तिचं टोक एका पात्याच्या कडेला जेमतेम टेकवा आणि पंखा फिरवून बाकीच्या दोन पात्यांचं अंतर बघा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे पातं वाकलं. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात, तेव्हा हा दोष पहिला शोधावा. पंखा काढलाच तर तो चावीच्या (पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत घालतात तो तुकडा) वर बसलाय का तेही तपासा: चावी न घालता पंखा टेपरवर (शाफ्टच्या निमुळत्या टोकावर) दाबा, शाफ्टवर खूण करा, मग चावी घालून बघा. खुणेपर्यंत पोचत नसेल तर चावी उंच आहे आणि पंखा टेपरवर बसतच नाहीये. ही चूक फार जणांच्या नजरेतून सुटते.

शाफ्टचा वाकडेपणा डायल गेजनं (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) बघा. मॅग्नेटिक बेस लागतो, तो जळगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे असतो. स्ट्रटच्या पुढे, मध्यभागी आणि कपलिंगजवळ, अशा तीन जागी माप घ्या. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक सोडू नका. दिसायला सरळ शाफ्टही ०.३ निघू शकतो. लेथवाला व्ही-ब्लॉकवर तो सरळ करून देतो, मात्र नवा करायची वेळ आली तर बाजारातला ३०४ स्टीलचा गज घेऊ नका, शाफ्टसाठीचं खास स्टील जास्त ताकदीचं असतं.

एवढं सगळं बरोबर निघालं तर कपलिंग. आणि त्याच्या दोन तोंडांमधल्या फटीचं माप पाण्यातच घ्यायचं. ट्रेलरवर बोटीचा तळ वेगळा वाकतो. बोट रात्रभर पाण्यात ठेवा, टाकी अर्धी असू द्या आणि सकाळी लवकर बसा. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत लोखंडाला हातही लावता येत नाही, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तर सोडाच.

कपलिंगचे चार बोल्ट काढण्याआधी ग्लँडच्या (शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी जोडणी) पुढे, कपलिंगच्या बाजूला, शाफ्टला क्लॅम्प लावा. शाफ्ट मागे घसरला तर पंखा रडरवर आदळतो. फ्लँज (कपलिंगच्या चकत्या) सुटले की शाफ्ट स्वतःच्या वजनानं लोंबतो, म्हणून तो वर उचलून आणि खाली सोडून मधली जागा पकडा आणि तिथे आधार द्या. आता दोन्ही फ्लँज हातानं हलके टेकवा. मधला उंचवटा जोर न लावता खोबणीत जायला हवा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर घाला. १०० मिमीच्या फ्लँजला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या फटीतला फरक ०.०७५ मिमीच्या आत आणा. ०.१ ही शेवटची मर्यादा.

आणि खरी मेख पुढे आहे. गिअरबॉक्सचा फ्लँज तसाच ठेवून फक्त शाफ्टचा फ्लँज पाव फेरा फिरवा आणि परत मापा. फट जिथल्या तिथे राहिली तर इंजिन तिरकं आहे, माउंट जुळवा. फट शाफ्टबरोबर फिरली तर माउंटला हात लावू नका, दोष शाफ्टमध्ये किंवा कपलिंगच्या तोंडात आहे. कपलिंग शाफ्टवर चढवूनच लेथवर त्याचं तोंड सपाट कातून घ्या. हा पाव फेरा न फिरवता माउंटचे नट फिरवत बसणारे दिवस घालवतात आणि गुरगुर तशीच राहते.

माउंट जुळवायचा नियम सोपा: सरळ शाफ्टच्या बोटीत फट ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला इंजिनाचं पुढचं तोंड न्या. वर फट असेल तर पुढचं उचला, डावीकडे असेल तर पुढचं डावीकडे सरकवा. पुढच्या-मागच्या माउंटांत ७०० मिमी अंतर असेल तर ०.२ मिमीची फट जायला पुढचं तोंड १.४ मिमी हलवावं लागतं. नट पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी मापा. माउंटचे स्क्रू आवळताना नुसतेच फिरत राहिले, घट्ट झालेच नाहीत, तर फायबरच्या आतलं लाकूड कुजलंय. मग अलाइनमेंट टिकणार नाही, आधी ते लाकूड करून घ्यावं लागेल.

मापं ठीक आली तरी कपलिंग जोडण्याआधी, शाफ्ट सुटलेलाच असताना, इंजिन सुरू करून गिअर टाका आणि २,००० पर्यंत हळूहळू न्या. लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगजवळ, फिरत्या फ्लँजपासून लांब. इथेही गुरगुर ऐकू आली तर मेकॅनिकचं म्हणणं खरं, खोला. शांत असेल तर बोल्ट जोडा.

जोडल्यावर ग्लँड बघा. शाफ्टची जागा थोडी बदलली की जुनी ग्लँड डोरी एका बाजूला दाबली जाते. चालत्या बोटीत मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या. ती अगदी कोरडी आवळली तर ग्लँड हात भाजण्याइतकी तापते आणि शाफ्टवर चर पडते. पहिल्या दहा मिनिटांनी थांबून हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त लागली तर नट थोडा सैल करा.